भातातला खडा

‘जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही’ ही म्हण आपण सर्वांनी लहानपणापासून ऐकली आहे. तिचा उपयोग मात्र आपण दोन तऱ्हांनी करतो. दुसऱ्याविषयी बोलताना ती आपला निकाल असते आणि स्वतःविषयी बोलताना ती आपली सबब असते. शेजारी तापट असला म्हणजे आपण मान हलवून म्हणतो, याची खोड काही जायची नाही. आपण स्वतः तापट असलो म्हणजे म्हणतो, काय करणार, स्वभावाला औषध नाही.

या लेखात आम्ही याच म्हणीचा थोडा विचार वाचकांपुढे मांडणार आहोत. माणसाच्या सवयी, विशेषतः घरात व कामाच्या जागी बोलण्याऐकण्याच्या सवयी, बदलू शकतात काय? आणि बदलू शकत असतील तर त्या न बदलणे हा नुसता स्वभावदोष म्हणावा की पाप म्हणावे? विषय कोरड्या उपदेशाचा वाटेल. पण तो आम्हांला पुस्तकातून सुचलेला नाही. तो आमच्याच ताटात सापडला. म्हणून प्रथम ती हकीकत सांगतो.

आमचे बिऱ्हाड पुष्कळ वर्षे लालबर्रा येथे आहे. बालाघाटहून सिवनीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे तहसिलीचे गाव. १९५६ पर्यंत हा सारा मुलूख राजधानी नागपूर असलेल्या जुन्या मध्य प्रदेशात होता. राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा नागपूर व विदर्भ दुसरीकडे गेले आणि आम्ही भोपाळकडे राहिलो. तेव्हापासून कचेरीत हिंदी, घरात मराठी, शेजारच्या अंगणात पोवारी आणि बाजाराच्या दिवशी कानावर गोंडी, असा आमचा भाषांचा संसार चालला आहे. वैनगंगेच्या खोऱ्यातला हा धानाचा प्रदेश. बालाघाटच्या चिन्नोर तांदळाला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले, इतका इकडचा तांदूळ नावाजलेला. पण गावातल्या छोट्या गिरणीवर कांडून आणलेल्या तांदळात खडे असतातच. ते सुपात घेऊन निवडावे लागतात, आणि हे काम कोणाचे हा प्रश्न आमच्या घरात कधी कोणी विचारला नव्हता.

आम्ही एका कचेरीत नोकरीला होतो. ‘बडे बाबू’ म्हणून आम्हांला मान होता. साहेब बोलू लागले की आम्ही हातातले काम खाली ठेवीत असू, वाक्य पुरे होईपर्यंत मध्ये तोंड घालीत नसू आणि सांगितलेले लिहून घेत असू. ऐकण्याची कला आम्हांला येत नव्हती असे म्हणता येणार नाही. ती आम्ही कचेरीच्या कपाटात कुलूप लावून ठेवीत होतो आणि संध्याकाळी रिकाम्या हाताने घरी येत होतो, इतकेच.

एका रविवारी उपासनेनंतर दोन पाहुणे जेवायला होते. दुसऱ्याच घासाला आमच्या दाताखाली खडा आला. आम्ही पाहुण्यांदेखत म्हणालो, “पंचवीस वर्षं झाली संसाराला, अजून तांदूळ निवडता येत नाहीत?” पाहुणे अवघडून हसले. पत्नी काही न बोलता पाणी आणायला उठली आणि जाताना तिचा खांदा दाराच्या चौकटीला लागला. तेव्हा नववीत असलेला आमचा धाकटा मुलगा ताटाकडे पाहत म्हणाला, “बाबा, आईला कडेचं दिसत नाही. तिनं तुम्हांला सांगितलं होतं.”

आम्ही विचारले, “केव्हा?”

“पावसाळ्यात. मग धानकापणीच्या वेळी. मग नाताळच्या आधी.”

खरे सांगायचे तर तिन्ही वेळा आम्हांला आठवल्या. पहिल्या वेळी आम्ही म्हटले होते, वय झाले म्हणजे असे व्हायचेच. दुसऱ्या वेळी वर्तमानपत्र खाली न घेता ‘पाहू’ म्हटले होते. तिसऱ्या वेळी महिनाअखेर होती. चौथ्यांदा तिने सांगितलेच नाही, आणि त्या न सांगण्याला आम्ही घरातली शांती समजत होतो.

त्याच आठवड्यात तिला नागपूरला नेले. काचबिंदू निघाला. डॉक्टरांनी समजावून सांगितले की हा आजार बहुधा दुखत नाही. तो कडेकडेने, चोरपावलांनी दृष्टी खातो. गेलेली दृष्टी परत येत नाही. उरलेली तेवढी औषधाने राखता येते. डाव्या डोळ्याची बरीच गेली होती. उजव्या डोळ्यात जन्मभर थेंब घालायचे होते. आठ महिने आधी आलो असतो तर सगळेच वाचले असते असे त्यांनी म्हटले नाही, पण काहीच वाचले नसते असेही म्हटले नाही. मग त्यांनी तिला विचारले, “बाई, इतके दिवस कोणाला सांगितलं नाही?” ती म्हणाली, “माझ्याच लक्षात आलं नाही.”

आम्ही शेजारच्या खुर्चीवर बसलो होतो. आमच्यासाठी तिने एवढे खोटे बोलावे, ही वेळ आम्ही तिच्यावर आणली होती.

वाचकहो, त्या दिवसापासून ‘स्वभावाला औषध नाही’ हे वाक्य आमच्या तोंडून निघत नाही. कारण त्या स्वभावाची किंमत आम्ही मोजली नव्हती. ती दुसऱ्याच कोणी तरी मोजली होती.

आता प्रश्नाकडे वळू. हे पाप होते काय? आपण जिभेची पापे मोजतो. खोटे बोलणे, शिव्या देणे, चहाडी करणे ही शब्बाथशाळेतल्या लहान मुलालाही पाठ असतात. याकोबाच्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात जिभेला घोड्याच्या लगामाची, तारवाच्या सुकाणूची व रानाला लागलेल्या ठिणगीची उपमा दिली आहे, ती आपण वारंवार वाचतो. पण त्याच पत्राच्या पहिल्या अध्यायात ऐकण्यास तत्पर व बोलण्यास मंद असावे असे सांगितले आहे, आणि तेथे ऐकणे आधी आले आहे. कानाची पापे आपण मोजत नाही. चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यातील याजकाने व लेव्याने त्या जखमी माणसाला कोणतीही इजा केली नाही. त्यांनी पाहिले आणि ते पलीकडच्या बाजूने गेले. आम्ही ऐकले आणि पलीकडच्या बाजूने गेलो.

कोणी म्हणेल, पण त्यात हेतू कोठे होता? सवयीने झालेल्या गोष्टीला माणूस जबाबदार कसा? हा प्रश्न फार जुना आहे. ग्रीक तत्त्ववेत्ता अ‍ॅरिस्टॉटल याने नीतिशास्त्रावरील आपल्या ग्रंथात त्याचा विचार केला आहे. तो म्हणतो की फेकलेला दगड परत बोलावता येत नाही हे खरे, पण तो फेकणे आपल्या हातात होते. तसेच, एकदा जडलेला अवगुण नुसत्या इच्छेने जात नाही, पण तो जडण्यापूर्वीची प्रत्येक कृती आपल्या हातातली होती. आमच्या बाबतीत हे अगदी खरे ठरते. तिसऱ्या वेळचे ‘महिनाअखेर आहे’ हे सवयीने निघाले असेल; पण ती सवय आम्ही पंचवीस वर्षे, रोज संध्याकाळी, वर्तमानपत्राआड बसून स्वतः लावून घेतली होती. म्हणून आमचे उत्तर असे आहे: सवय ही जबाबदारीतून सुटका नव्हे. लहान लहान नकारांचा तो साठलेला हिशेब आहे, आणि तो आपल्याच सहीचा आहे.

दुसरा प्रश्न, सवय बदलते काय? येथे आम्ही आमच्या कचेरीतली एक गोष्ट सांगतो. आमच्या हाताखाली एक शिपाई होते, वयाने आमच्याहून मोठे. हिंदीत साहेबांना ‘आप’, बरोबरीच्या बाबूंना ‘तुम’ आणि शिपायाला ‘तू’, ही पायरी आम्ही नोकरीच्या पहिल्या दिवशी शिकलो होतो व तीत आम्हांला काही वावगे वाटत नव्हते. नागपूरहून परतल्यावर आम्ही ठरवले की निदान हा एक शब्द बदलावा. पहिल्या दिवशी त्यांना ‘आप बैठिए’ म्हटले तेव्हा ते घाबरले. त्यांना वाटले आपले काही चुकले आणि बडे बाबू टोमणा मारीत आहेत. दुसऱ्या दिवशी घाईत आमच्याच तोंडून पुन्हा ‘तू’ गेले. आठवडाभर असेच चालले. दोनतीन महिन्यांनी एके दिवशी ते स्वतःहून टेबलाशी आले आणि म्हणाले की अमुक कागद दरवर्षी चुकीच्या बस्त्यात बांधला जातो आणि म्हणून दर मार्चमध्ये शोधाशोध होते. त्यांना हे कित्येक वर्षे ठाऊक होते. आम्ही विचारले, आधी का नाही सांगितले? त्यांनी नुसते हसून पाहिले. जो प्रश्न डॉक्टरांनी पत्नीला विचारला होता तोच आम्ही त्यांना विचारला होता, आणि उत्तर आम्हीच होतो.

घर असो वा कचेरी, नियम एकच दिसतो. ज्याचे ऐकले जात नाही तो सांगणे बंद करतो. ज्याला उलट उत्तर देता येत नाही तो सर्वांत आधी बंद करतो. मग वरचा माणूस समजतो की सगळे ठीक चालले आहे.

येथे एक शंका येते, आणि प्रामाणिक माणसाला ती आलीच पाहिजे. मनात आदर नसताना ओठांवर ‘आप’ आणणे हे ढोंग नव्हे काय? अमेरिकेचे बेंजामिन फ्रँकलिन यांच्या आत्मचरित्रात या प्रश्नाला धरून एक मनोरंजक प्रसंग आहे. तरुणपणी त्यांनी बारा सद्गुणांची यादी केली होती व एकेक आठवडा एकेका गुणाकडे लक्ष देऊन वहीत आपल्या चुकांची खूण करण्याची पद्धत घातली होती. क्वेकर पंथाच्या एका मित्राने त्यांना मायेने सांगितले की लोक तुला गर्विष्ठ समजतात आणि तो गर्व तुझ्या बोलण्यात दिसतो. फ्रँकलिन यांनी रागावण्याऐवजी यादीत तेरावा गुण नम्रता हा घातला. ‘निश्चितच’, ‘निःसंशय’ असे शब्द वापरावयाचे नाहीत असा त्यांनी नियम केला. त्यांऐवजी ‘मला असे वाटते’, ‘सध्या तरी असे दिसते’ असे म्हणू लागले. पुढे त्यांनी कबूल केले आहे की खरी नम्रता आपल्या अंगी फारशी आली असे सांगता येत नाही, पण तिचे बाह्य रूप मात्र बरेचसे साधले. आणि त्यामुळे आपले म्हणणे लोक अधिक शांतपणे ऐकू लागले.

आता हे ढोंग म्हणावे काय? आम्हांला प्रभूने सांगितलेला दोन पुत्रांचा दाखला आठवतो. बापाने द्राक्षमळ्यात जा म्हटले तेव्हा एकाने ‘जातो’ म्हटले व तो गेला नाही. दुसऱ्याने ‘नाही’ म्हटले, पण मग तो गेला. मळ्यात जाताना त्या दुसऱ्याचे मन कितपत राजी होते हे दाखल्यात सांगितलेले नाही. तो गेला एवढे सांगितले आहे. दुसऱ्याने आपल्याला चांगले समजावे म्हणून चांगले वागणे हे ढोंग आहे. दुसऱ्याला त्रास होऊ नये म्हणून, मन मागे असतानाही चांगले वागणे हे आज्ञापालन आहे. पाय पुढे गेले की पुष्कळदा मन मागून येते. आमच्या बाबतीत त्या वयस्क गृहस्थांविषयी खरा आदर ‘आप’ म्हणायला लागल्यावर काही महिन्यांनी आला, आधी नव्हे.

सवय बदलण्याची दुसरी एक हकीकत आपल्या मराठी ख्रिस्ती घरातलीच आहे. १८९३ च्या सुमारास रेव्हरंड नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावकडे आगगाडीने जात असताना डब्यात एका युरोपियन गृहस्थाने त्यांच्याशी अत्यंत सभ्यतेने संभाषण केले व नवा करार त्यांच्या हाती ठेवला, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक आहे. ती लोहमार्गाची वाट आमच्या शेजारच्या गोंदियावरूनच जाते. म्हणून तिकडून जाताना आम्हांला तिची नेहमी आठवण होते. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. ती वार्ता लक्ष्मीबाईंवर वज्रासारखी कोसळली आणि काही वर्षे दोघांची ताटातूट झाली. लक्ष्मीबाई कडक सोवळ्यात वाढल्या होत्या. बाजारातून आलेला जिन्नस धुतल्यावाचून घरात घ्यायचा नाही असा त्यांच्या वडिलांचा दंडक. त्या पुन्हा टिळकांबरोबर राहू लागल्या तेव्हाही प्रथम त्यांनी आपले सोवळे व आपला स्वयंपाक वेगळा ठेवला. टिळक शीघ्रकोपी होते. ‘स्मृतिचित्रे’ या पुस्तकात, जे १९३४ ते १९३६ या काळात भागाभागाने प्रसिद्ध झाले, लक्ष्मीबाईंनी त्यांचा राग लपवलेला नाही आणि स्वतःचा हट्टही लपवलेला नाही. परंतु या एका बाबतीत टिळकांनी त्यांच्यावर सक्ती केली नाही. पुढे हा भेदाभेद देवाने केला की माणसाने, हा विचार लक्ष्मीबाईंच्या मनात आपोआप उभा राहिला, आणि जन्माची खोड त्यांनी आपणहून टाकली. त्यानंतर त्यांनी स्वतःही बाप्तिस्मा घेतला.

यातून आम्ही दोन गोष्टी घेतो. एक, आपली खोड आपण बदलावी. दुसऱ्याची खोड बदलण्यासाठी त्याला फक्त जागा द्यावी. आपण बहुधा उलट करतो. दुसरी गोष्ट, लक्ष्मीबाई आपल्या जुन्या सोवळ्याविषयी लिहिताना स्वतःला हसू शकतात. ज्याला आपल्या खोडीचे हसू येते त्याची खोड अर्धी गेली असे समजावे. जो तिला ‘माझा स्वभाव’ म्हणून मिरवतो त्याची ती तशीच राहते.

इतके मान्य झाल्यावर प्रत्यक्षात करावे काय? आम्हांला उपयोगी पडलेल्या तीन गोष्टी सांगतो.

पहिली आम्ही एका स्टेशनमास्तरांकडून शिकलो. जबलपूर–गोंदिया ही आमच्या भागातील गाडी पूर्वी नॅरोगेजची होती. आता ती ब्रॉडगेज झाली आहे. त्या जुन्या मार्गावर नोकरी केलेले हे गृहस्थ सांगत की एका स्टेशनाने दुसऱ्या स्टेशनाकडे गाडी सोडण्याची परवानगी मागितली म्हणजे नुसते ‘हो’ म्हणून चालत नाही. ऐकणाऱ्याने गाडीचा नंबर परत म्हणून दाखवायचा, त्यावर आपला प्रायव्हेट नंबर द्यायचा आणि दोघांनी तो वेळेसह वहीत लिहायचा. ऐकलेले परत म्हणून दाखवेपर्यंत निरोप पोहोचला असे धरतच नाहीत, कारण चुकले तर माणसे मरतात. आम्हांला वाटले, घरातही चुकले तर काय होते हे आम्ही पाहिलेच आहे. तेव्हापासून पत्नीने वा मुलाने काही महत्त्वाचे सांगितले की आम्ही ते आपल्या शब्दांत परत म्हणतो: “म्हणजे औषध शनिवारी संपेल, आणि ते लालबर्र्यात मिळत नाही, बालाघाटहून आणावं लागेल, असंच ना?” पहिले काही दिवस मुले हसत. पुष्कळदा असेही निघाले की आम्ही ऐकले एक होते आणि सांगितले गेले होते दुसरेच.

दुसरी गोष्ट थांबण्याची. शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी हिच्याकडे विशेष लक्ष द्यावे. मेरी बड रो नावाच्या एका अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बाईंनी १९७० च्या दशकात वर्गातल्या प्रश्नोत्तरांचा अभ्यास केला. त्यांना आढळले की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरीने जेमतेम एक सेकंद थांबतात. तेवढ्यात उत्तर आले नाही की ते दुसऱ्या मुलाकडे वळतात किंवा स्वतःच उत्तर देऊन टाकतात. हेच थांबणे तीन सेकंदांपर्यंत वाढवले तेव्हा मुलांची उत्तरे लांब व अधिक विचारपूर्वक येऊ लागली आणि एरवी गप्प बसणारी मुलेही बोलू लागली. फक्त तीन सेकंद! योसेफाला भावांनी का विकले, असे विचारून आपण किती थांबतो, हे येत्या रविवारी मनातल्या मनात मोजून पाहावे. मागच्या बाकावर बसणाऱ्या, घरी दुसरीच भाषा बोलणाऱ्या मुलाला ते तीन सेकंद मराठी शब्द जुळवायलाच लागतात. आपण त्याला मंद म्हणतो. कदाचित घाई आपलीच असते.

या बाबतीत अम्माऊसच्या वाटेवरचा प्रभू आम्हांला नेहमी नव्याने दिसतो. यरुशलेमेत काय घडले हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक होते? तरी त्याने त्या दोघा शिष्यांना विचारले, आणि क्लयपाने सर्व हकीकत सांगेपर्यंत तो वाट चालत ऐकत राहिला. समजावून सांगणे त्याने नंतर केले. आपल्याला आधीच ठाऊक आहे ही सबब त्याने वापरली नाही. आपण ती दिवसातून दहा वेळा वापरतो.

तिसरी गोष्ट सर्वांत जड आहे. डोंगरावरील प्रवचनात प्रभूने सांगितले आहे की वेदीजवळ अर्पण आणलेले असताना भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले तर अर्पण तेथेच ठेवून आधी जाऊन समेट करावा. आपण बहुधा अर्पण टाकतो, गीत म्हणतो आणि घरी जाऊन त्याच आवाजात पुन्हा बोलतो. ज्याचे ऐकले नाही त्याच्यापाशी जाऊन, ‘तू सांगितलं होतंस, मी ऐकलं नाही’ असे म्हणणे हे पाहुण्यांसमोर प्रार्थना करण्यापेक्षा शतपट कठीण आहे. आम्हांला नागपूरहून आल्यावर ते वाक्य बोलायला एकोणीस दिवस लागले. बोललो तेव्हा पत्नी म्हणाली, “बरं,” आणि दिवा लावायला उठली. त्या ‘बरं’मध्ये क्षमा होती की थकवा, हे आम्ही विचारले नाही. क्षमा मागणाऱ्याने ती किती मिळाली याची पावती मागू नये.

हे सर्व किती दिवसांत अंगवळणी पडते? एकवीस दिवसांत सवय बदलते असे पुष्कळ ठिकाणी ऐकायला मिळते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली व त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ माणसांना एकेक नवी साधी सवय लावायला सांगून बारा आठवडे त्यांची नोंद ठेवली. तो अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. जेवणाबरोबर फळ खाणे, पाणी पिणे अशाच त्या सवयी होत्या. त्या आपोआप घडू लागायला सरासरी ६६ दिवस लागतात असे दिसले, पण कोणाला १८ दिवस पुरे झाले तर कोणाला २५४ दिवस लागतील असा हिशेब निघाला. फळ खाण्याची ही गोष्ट. मग रागाची व दुर्लक्षाची जुनी खोड लवकर जाईल अशी अपेक्षा कोणी धरू नये. त्याच अभ्यासातली एक गोष्ट मात्र धीर देणारी आहे. मध्ये एखादा दिवस चुकला तरी लागत आलेली सवय मोडत नाही. ज्यांनी सोमवारी निश्चय केला व बुधवारी पुन्हा आवाज चढवला त्यांनी गुरुवारी निश्चय सोडू नये.

मंडळीच्या कारभारालाही हेच लागू आहे. आपल्या पंचांच्या सभेत कित्येकदा दोघेतिघेच बोलतात आणि बाकीचे घरी जाऊन बोलतात. मग पाळकांना वाटते सभा एकमताने झाली. ज्या बहिणी उपासनेपूर्वी मंदिर झाडतात, ज्या तरुणाला नुकतीच नोकरी मिळून तो बाहेरगावाहून आला आहे, त्यांना कोणी कधी विचारले आहे काय? कडेचे न दिसणे हा रोग फक्त डोळ्यांना होतो असे नाही.

आता पुन्हा त्या म्हणीकडे येऊ. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. आम्हांला वाटते ही म्हण खोटी नाही, अपुरी आहे. पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात आपला जुना मनुष्य ख्रिस्ताबरोबर वधस्तंभावर खिळला गेला असे म्हटले आहे. म्हणजे मेल्याशिवाय खोड जात नाही हे त्यालाही मान्य आहे. पण ज्यांना तो मेलेले म्हणतो त्यांनाच, कलस्सैकरांस लिहिताना, राग, निंदा व वाईट भाषण ही जुन्या वस्त्राप्रमाणे काढून टाका असेही सांगतो. मरण एकदा झाले तरी वस्त्र रोज काढावे लागते. आमच्यापुरते सांगायचे तर ते मरण रोज संध्याकाळी वर्तमानपत्र घडी करून खाली ठेवण्याइतके लहान असते, आणि कित्येक संध्याकाळी तेवढेही आमच्याने होत नाही.

हल्ली तांदूळ आम्ही निवडतो. संध्याकाळी ओसरीवर उजेड असेतो सूप घेऊन बसतो आणि पत्नी जवळ बसून दिवसभराचे सांगते. डाव्या बाजूला बसलो तर तिला आम्ही दिसत नाही, म्हणून उजव्या बाजूला बसतो. गेलेले परत आलेले नाही, आणि येणारही नाही. आमच्या निवडण्यातूनही खडे सुटतात. परवा मुलाच्या दाताखाली एक आला. तो काही बोलला नाही, नुसता आमच्याकडे पाहून हसला.

वाचकांना एकच विनंती करून लेख संपवतो. या आठवड्यात घरातल्या एका माणसाला आणि कामाच्या जागी एका माणसाला, जो आपल्याला उलट उत्तर देऊ शकत नाही अशाला, एकांतात विचारावे: “तुम्ही मला काही सांगितलं होतं आणि मी ऐकलं नाही, असं काही आहे का?” मग गप्प बसावे. उत्तर लगेच येईलच असे नाही. आले तर आपली बाजू मांडू नये. ते परत म्हणून दाखवावे, आणि जे करायचे ते महिनाअखेरीची वाट न पाहता करावे.